पियारडोबाची धावपट्टी

विष्णुपूरला माणूस जातो तो देवळं बघायला. मल्ल राजांनी बांधलेली रासमंच, श्यामराय, जोडबांगला ही नावं बंगालबाहेरही आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहेत. भाजक्या मातीच्या फरशांवर कोरलेलं रामायण-महाभारत बघून डोळे निवतात. पण त्याच विष्णुपूरहून खडगपूरच्या दिशेनं रेल्वेनं निघालं की पियारडोबा नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. तिथल्या सालाच्या जंगलात दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी पडून आहे. तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही.

मी खडगपूरला कामासाठी गेलो होतो आणि मधले दोन दिवस रिकामे होते. देवळं बघायची, आणि जमलंच तर ही धावपट्टीही, असा बेत होता. खरं सांगायचं तर देवळांपेक्षा धावपट्टीचं कुतूहल जास्त होतं. युद्धाचा इतिहास वाचायची खोड जुनी, आणि बी-२९ विमानांबद्दल वाचताना खडगपूर, चाकुलिया, दुधकुंडी, पियारडोबा ही नावं पुन्हा पुन्हा येतात. जपानवर बॉम्ब टाकायला निघालेली अमेरिकेची सर्वांत मोठी विमानं आधी आली ती आपल्या इथल्या या आडगावांत, हे आपल्या शाळेतल्या पुस्तकांत कुठेच नव्हतं.

पण आधी एक गंमत सांगतो. विष्णुपुरात दलमादल नावाची एक तोफ आहे, बारा फुटांहून लांब. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर, म्हणजे बंगाल्यांचा भास्कर पंडित, फौज घेऊन इकडे उतरला. तेव्हा विष्णुपूरचा देव मदनमोहन याने स्वतः ही तोफ डागली आणि मराठ्यांना पळवून लावलं, अशी इथली श्रद्धा. तोफेपाशी एक गृहस्थ भेटले. कुठून आलात म्हणाले. महाराष्ट्र म्हटल्यावर हसून म्हणाले, "अरे बापरे, बर्गी!" आणि मग, "या या दादा, चहा घ्या."

बर्गी म्हणजे आपला बारगीर. आपण अटकेपार झेंडे वाचत मोठे झालो, आणि इकडे आया अजूनही पोरांना झोपवताना बर्गी आल्याचं गाणं म्हणतात. धान्य गेलं, आता सारा कशानं भरायचा, अशी त्या गाण्यातली चिंता. पावणेतीनशे वर्षं उलटून गेली तरी ते टिकलंय. इतिहास जिंकणारे लिहितात म्हणतात. पण ज्यांचं धान्य गेलं त्यांनीही तो अंगाईत लिहून ठेवला. हे इथे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे धावपट्टीवर उभा असताना ते गाणं राहून राहून आठवत होतं.

पियारडोबाला गाडीनं पोचायला अर्धा तासही लागला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साल, खाली तांबडी माती. आपल्या कोकणातल्या जांभ्याचीच आठवण व्हावी असा दगड. हिवाळ्यात दलमाच्या डोंगरांतून हत्तींचे कळप या भागात उतरतात, त्यामुळे संध्याकाळी इथे थांबू नका असं ड्रायव्हरनं दोनदा बजावलं. मग झाडी एकदम संपते आणि समोर काँक्रीटचा एक प्रचंड पट्टा येतो. इतका रुंद की आपण हमरस्त्यावर नाही हे लगेच कळतं, आणि लांबीला नजर पुरत नाही.

मी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. बी-२९ साठी या भागातल्या धावपट्ट्या ७,५०० फुटांपर्यंत वाढवल्या होत्या, म्हणजे जवळजवळ सव्वादोन किलोमीटर. रमतगमत चाललं तर अर्धा-पाऊण तास. काँक्रीटच्या तुकड्यांमधल्या सांध्यांतून गवत आणि कुठे कुठे सालाची रोपं वर आली होती. एके ठिकाणी भात वाळत घातलं होतं, पलीकडे पोरं सायकल शिकत होती. गुरांना उन्हात बसायला ही जागा भलतीच आवडत असावी. मुख्य पट्ट्यापासून फाटे फुटून जंगलात जातात. विमानं एकमेकांपासून दूर, झाडांच्या आडोशाला उभी करायची म्हणजे हल्ला झाला तर सगळी एकदम जळत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. त्यांतला एक फाटा धरून मी आत गेलो. शंभर-दीडशे पावलांवर काँक्रीट झाडीत गडप झालं. सालाच्या पानांच्या पत्रावळी करणाऱ्या दोन बाया डोक्यावर गठ्ठे घेऊन तिथून चालल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे, एक शहाणा माणूस जमीन निरखत काय फिरतोय, अशा नजरेनं पाहिलं. पाटी, फलक, स्मारक असलं काही मला कुठेही दिसलं नाही.

आता हे सगळं इथे का आलं ते थोडक्यात सांगतो.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि मे संपेपर्यंत सारा ब्रह्मदेश जपान्यांच्या हातात गेला. बंगाल एकाएकी युद्धाच्या सीमेवर आला. २० डिसेंबर १९४२ ला कलकत्त्यावर पहिले बॉम्ब पडले. कलकत्त्याच्या पश्चिमेला, मेदिनीपूर-बांकुड्याच्या या पठारी पट्ट्यात विमानतळ उभे राहिले ते या धांदलीत. जमीन उंच, पाणी साचत नाही, रेल्वे जवळ, आणि जपानी विमानांपासून त्यातल्या त्यात लांब.

मग अमेरिकेचा बी-२९ आला. पंख १४१ फूट, भरल्या पोटी वजन साठ टनांच्या वर. या विमानाच्या योजनेवर अणुबॉम्बच्या योजनेपेक्षाही जास्त पैसा खर्च झाला. पॅसिफिकमधली बेटं अजून जिंकायची होती, त्यामुळे जपानपर्यंत पोचायचं तर चीनमधूनच. आणि चीनमध्ये कायमचा तळ ठेवणं धोक्याचं, म्हणून मुक्काम भारतात. नोव्हेंबर १९४३ मध्ये रूझवेल्टनी चर्चिलना लिहून कलकत्त्याजवळ विमानतळ मागितले. एप्रिल १९४४ मध्ये पहिलं बी-२९ चाकुलियाला उतरलं. पियारडोबाला ४६२वा बॉम्ब ग्रुप आला. त्यांनी स्वतःला 'हेलबर्ड्स', म्हणजे नरकाचे पक्षी, असं नाव घेतलं होतं. इथला एप्रिल-मे बघता ते अगदीच चुकीचं नव्हतं. उन्हात विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नसे, म्हणून दुरुस्तीची कामं पहाटे आणि रात्री चालत. त्या विमानांची इंजिनं मुळातच तापट, हवेत पेट घेणारी. त्यात हे ऊन.

५ जून १९४४ ला पहिली मोहीम निघाली, बँकॉकवर. या तळांवरून ९८ विमानं उडाली, ७७ लक्ष्यापर्यंत पोचली, पाच गेली, आणि ती गेली ती शत्रूमुळे नव्हे. दहा दिवसांनी चीनमधल्या चेंगडूच्या तळांवरून जपानमधल्या यावाता इथल्या पोलाद कारखान्यावर हल्ला झाला. पण चेंगडूला पोचायचं तर मध्ये हिमालय, आणि तिथे लागणारा पेट्रोलचा थेंब न् थेंब भारतातून हवेतूनच न्यायचा. एका विमानाला एका मोहिमेपुरतं सामान जमवायला त्यानं आधी सहा-सात वेळा हिमालय ओलांडायचा. व्यवहार आतबट्ट्याचाच होता. ऑगस्टअखेर कर्टिस लमे नावाचा कडक सेनापती आला, त्यानं शिस्त लावली, अचूकता वाढवली, पण हिमालय काही हलला नाही. जानेवारी १९४५ मध्ये चीनमधला कारभार गुंडाळला, मार्चअखेर इथूनही शेवटची मोहीम झाली आणि सगळं बिऱ्हाड पॅसिफिकमधल्या टिनियान बेटावर गेलं. वर्षभराचा खेळ. त्या वर्षभरासाठी हे काँक्रीट.

इथवरचा इतिहास ज्याला हवा त्याला सहज मिळतो. कोणतं विमान कोणत्या दिवशी कुठून उडालं, त्यात कोण कोण होतं, कोण परतलं नाही, सगळं नावानिशी. चाकुलियाच्या ४०व्या ग्रुपमधल्या म्हाताऱ्या सैनिकांनी तर वर्षानुवर्षं आपल्या आठवणींची पत्रिका चालवली. कौतुक वाटतं. विशी-बाविशीची पोरं ती, हजारो मैलांवरून इथे आलेली, बांबूच्या बाशांमध्ये राहणारी. त्यांच्यातल्या पुष्कळांनी आपला देश परत पाहिला नाही. ते लक्षात ठेवलं गेलं हे योग्यच झालं.

माझं अडतं ते दुसरीकडे. हे काँक्रीट घातलं कोणी?

अमेरिकन हवाई दलाच्या इतिहासात याचं एक उत्तर आहे: या तळांच्या कामावर सुमारे ६,००० अमेरिकन सैनिक आणि सुमारे २७,००० भारतीय मजूर होते. अमेरिकन सैनिकांमध्ये काळ्या सैनिकांच्या तुकड्याही होत्या, त्यांना त्यांच्याच सैन्यात वेगळं ठेवलं जाई. भारतात विमानतळ बांधायला निघालेली ८५३वी इंजिनिअर बटालियन तर पोचण्याआधीच जवळपास संपली. तिला आणणारं 'रोहना' जहाज २६ नोव्हेंबर १९४३ ला भूमध्य समुद्रात जर्मनांनी बुडवलं. १,०१५ अमेरिकन सैनिक गेले, आणि शंभरावर खलाशी, बहुतेक भारतीय. अमेरिकेनं ही बातमी अनेक वर्षं दाबून ठेवली, पण आज त्या सैनिकांचं स्मारक आहे.

आणि सत्तावीस हजार? तो एक आकडा. जुन्या फोटोंमध्ये ते दिसतात. बायका डोक्यावर पाटी घेऊन, पुरुष हातोडीनं खडी फोडत, आणि मागे ते चकाकणारं अजस्र विमान. फोटोखाली विमानाचं नाव असतं, माणसांचं नसतं. सव्वादोन किलोमीटर काँक्रीटखाली किती खडी लागली असेल आणि ती हातानं फोडायला किती हात, याचा अंदाज चालताना पायांना येतो.

आता साल आठवा. १९४३. बंगालच्या दुष्काळाचं साल. १६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर भयानक चक्रीवादळ आलं होतं, उभं पीक खारं पाणी घेऊन गेलं. त्याआधीच सरकारनं, जपानी आले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून, किनारी बंगालमधला जादा तांदूळ उचलला होता आणि दहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या नावा काढून घेतल्या होत्या. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद. पुढच्या वर्षभरात उपासमारीनं आणि मागोमाग आलेल्या रोगराईनं किती माणसं गेली, यावर अजून वाद आहे. सरकारी आयोगानं पंधरा लाख सांगितली, नंतरचे अभ्यासक वीस ते तीस लाख म्हणतात. बांकुड्यापेक्षा मेदिनीपूरचा किनारी भाग कितीतरी जास्त होरपळला. पण खडगपूर आणि दुधकुंडी मेदिनीपूर जिल्ह्यातच होती, आणि पियारडोबाही काही लांब नाही.

अमर्त्य सेन तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, शांतिनिकेतनात होते. त्यांनी १९८१ च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या पुस्तकात मांडलं, की १९४३ साली बंगालात तांदूळ काही अगदीच नव्हता असं नाही. युद्धाचा पैसा बाजारात धो धो ओतला जात होता. लष्करी बांधकामं, कलकत्त्यातले कारखाने, कंत्राटं यांतून ज्यांच्या हाती पैसा आला ते चढ्या भावानं तांदूळ घेऊ शकत होते. ज्यांची मजुरी होती तिथेच राहिली, ते भूमिहीन शेतमजूर, कोळी, कारागीर बाजाराबाहेर फेकले गेले. उत्पादनाबद्दलचं त्यांचं म्हणणं सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. पीकही चांगलंच बुडालं होतं असं काही जण दाखवतात. पण युद्धाच्या खर्चानं भाव भडकले, यावर फारसं दुमत नाही.

म्हणजे बघा, ही धावपट्टी त्या गोष्टीच्या कडेला नुसती उभी नाही. लष्करी बांधकामांनी भाव चढवले, आणि विमानतळ हे त्यांतलंच एक काम. खडी फोडायचं काम ज्याला मिळालं त्याला निदान रोख पैसा मिळाला. त्याच पैशानं चढलेल्या भावाखाली, काम न मिळालेला त्याचाच कोणी भाऊबंद चिरडला गेला असेल. दुष्काळाच्या साली रोजगार देणारी गोष्ट आणि दुष्काळाला हातभार लावणारी गोष्ट एकच. यात खलनायक शोधायला गेलं तर तोही धड सापडत नाही. जपान्यांना रोखायला तर हवंच होतं. चीनची माणसं त्याआधी सात वर्षं जपान्यांकडून मरत होती, आणि चेंगडूचे तळ बांधायलाही तीन लाखांवर चिनी शेतकरी जुंपले गेले, दगडी रूळ हातानं ओढत. युद्ध न्याय्य होतं असं मानलं तरी त्याचा खर्च कोणाच्या ताटातून वजा झाला, हा प्रश्न उरतोच.

युद्ध संपल्यावर या सगळ्या तळांचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. कलाईकुंड्याला आज आपल्या हवाई दलाचा मोठा तळ आहे. मुख्यालय होतं हिजलीच्या बंदिशाळेत. त्याच इमारतीत १६ सप्टेंबर १९३१ ला पोलिसांनी नि:शस्त्र राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त तिथे गेले, आणि सुभाषबाबू स्वतः त्यांचे देह न्यायला आले. पुढे त्याच वास्तूत १९५०-५१ मध्ये देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. तुरुंग, मग बॉम्बफेकीचं मुख्यालय, मग कॉलेज. एकाच इमारतीच्या नशिबी किती काय! तिथे निदान स्मारक आहे, संग्रहालय आहे. पियारडोबाच्या वाट्याला फक्त साल आला.

मला वाटलं, इथे कोणाला तरी काही आठवत असेल. भात राखायला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं. ते म्हणाले, त्यांचे वडील इथे कामाला होते. काय काम? दगड. किती दिवस? ते त्यांना माहीत नव्हतं. मजुरी काय मिळे? तेही नाही. वडील काही सांगत नव्हते का? यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आम्ही विचारलं नाही." मग मलाच विचारलं, सरकार हे परत सुरू करणार आहे का? शहरी कपड्यातला माणूस इथे फिरतोय म्हणजे मोजणीला आलाय, असा त्यांचा समज झाला असावा. त्या प्रश्नामागची काळजी माझ्या लक्षात आली, कारण तसलीच काळजी आपल्याकडेही आहे.

कल्याणजवळच्या नेवाळीला महायुद्धाच्याच काळात ब्रिटिशांनी धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल असं आपल्या वाडवडिलांना सांगितलं होतं, असं तिथले शेतकरी सांगतात. तिथे भातशेतीही होत राहिली. पण जमीन कागदोपत्री संरक्षण खात्याकडेच राहिली, आणि २२ जून २०१७ ला नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून तिथे आंदोलन पेटलं. रस्ते अडले, गाड्या जळल्या, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. बातम्या बघताना बऱ्याच मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की तिथे धावपट्टी आहे म्हणून. शेतकऱ्यांना मात्र ते तीन पिढ्या रोज दिसत होतं. विमानं येऊन-जाऊन वर्षभरात मोकळी होतात. जमिनीचा हिशेब पंचाहत्तर वर्षांनीही मिटत नाही.

पियारडोबाहून परत येताना मनात घोळत होतं ते हेच. बर्ग्यांची आठवण अंगाईत राहिली. वैमानिकांची पत्रिकांत आणि पुस्तकांत राहिली. त्या सत्तावीस हजारांची कशातच राहिली नाही. त्यांचं गाणं झालं असेल तर ते माझ्या कानावर आलेलं नाही. कदाचित उपाशी वर्षाची आठवण काढायला माणसाला नको वाटतं. कदाचित आपण केलेलं काम हा इतिहास आहे, असं त्यांना कोणी कधी सांगितलंच नाही. आणि विचारायचं ते आपणही विचारलं नाही.

असो. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल, तर एक करा. चाळीसच्या दशकात त्यांच्या घरातलं कोणी कुठे कामाला होतं, जमीन कोणी घेतली, रेशनला काय मिळे, हे विचारा आणि तारखेसकट वहीत लिहून ठेवा. ते फार महत्त्वाचं वाटलं नाही तरी लिहा.